टिचकी

खानापुरात कौलांच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी एकच काम केलं:
भट्टीतून निघालेल्या कौलाला पेरानं टिचकी मारायची
आणि ऐकायचं.
बद्द वाजलं तर कच्चं, डावीकडं.
खणकलं तर पक्कं, उजवीकडं.
हे शिकवलं अमोलिक मास्तरांनी;
रविवारी देवळात शास्त्रपाठही तेच वाचायचे.
म्हणायचे, निवू दे पोरा,
गरम कौल खोटं बोलतं.

पंधराव्या वर्षी माझं दृढीकरण झालं.
बिशपांचा हात डोक्यावरून उतरायच्या आत
मला वाटलं, झालो पक्का.
प्रार्थना लांबवायला लागलो.
उपास धरला की ओठ सुकलेले दिसतील
अशा बेतानं पाणी प्यायचो.
पुढं संसाराला लागल्यावर, कापणीच्या सणाच्या लिलावात,
चाळीस रुपयांचा भोपळा तीनशेला घेतला
आणि सगळ्या बाजारातून खांद्यावर मिरवत आणला.
करुणानं तो चिरला.
एवढंच म्हणाली,
आतून कोवळाच निघाला की हो.

मग ते भांडण.
साडेआठची उपासना मराठी, दहाची कानडी,
नाताळची तेवढी एकत्र.
तिथं शेवटचा आशीर्वाद कुठल्या भाषेत, यावरून
कमिटीत मी टेबलावर हात आपटला.
त्या वर्षी बाहेर कुणीकुणी पाट्यांना काळं फाशीत होतं.
आत मी तरी वेगळं काय करत होतो?
समाधानप्पा, घंटा वाजवणारा,
दोन्ही उपासनांचे बाक पुसणारा,
मधेच काही बोलायला गेला.
मी म्हटलं, आधी नीट मराठी शिक.
पुढच्या रविवारी माझ्या बाकावरची धूळ
नेहमीसारखीच पुसलेली होती.

मास्तरांनी मला भट्टीमागं नेलं.
हातात एक कौल दिलं, जांभळट लाल.
टिचकी मारली. घंटेगत खणकलं.
पक्कं, मी म्हटलं.
बसवून बघ, म्हणाले.
बसेना. जादा आच लागून पीळ पडला होता,
शेजारच्या कौलाला ते खेटेचना.
"काय बघूलायस?" मास्तर म्हणाले.
"खणकतंय खरं. कुणाबरोबर बसतंय काय?"

मला तिथल्या तिथं कळलं म्हणालो
तर ती लबाडी होईल.
मधे मास्तर गेले. कारखान्याला कुलूप लागलं.
मधे करुणा गेली,
आणि कितीतरी महिने मी गुडघे टेकून नुसता बसायचो,
कुठलाही शब्द उचलला तरी बद्द वाजायचा.
कुणीतरी आपल्याला हातात धरून ऐकतंय,
आणि अजून डावीकडं ठेवलेलं नाही,
एवढं कधीमधी जाणवायचं.
रोज नाही.

यंदा माघात समाधानप्पाला बेळगावच्या दवाखान्यात नेलं.
लेक हुबळीहून यायचा होता, रात्री मी बसलो.
पहाटे म्हणाला, प्रार्थना कर.
मराठीत सुरुवात केली.
त्याच्या डोळ्यांत काही तक्रार नव्हती.
म्हणूनच थांबलो.

"नम्म तंदे..."
सत्तरीला टेकलेला माणूस,
बापाला हाक मारता येईना.
इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेले शब्द
तोंडात ओल्या मातीसारखे बसले.
समाधानप्पानं सलाईनचा हात उचलला.
"ये," म्हणाला.
मला वाटलं, जवळ बोलावतोय.
वाकलो.
"तंदे नव्हे. तंदेये. शेवट लांब."
तंदेये.
"अजून."
तंदेये.
त्यानं मान जराशी कलती केली,
मी कौलापाशी करायचो तशी,
आणि ऐकत राहिला.